योग्य ताबा : डिजिटल काळात अभिलेखागारांचे काम

(इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या स्मृत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



३१ डिसेंबर २०२६ रोजी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना जाऊन शंभर वर्षे होतात. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी तुम्ही मला ‘डिजिटल युगातील अभिलेखागारे’ हा विषय दिलात. राजवाडे आणि संगणक यांचा काय संबंध, असे कुणाला वाटेल. माझ्या मते संबंध अगदी जवळचा आहे. राजवाडे गावोगाव हिंडले, देशमुख-देशपांड्यांच्या, जोशी-कुलकर्ण्यांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी खाली उतरवली, कागद वाचले, नकला केल्या, तिथ्या जुळवल्या आणि छापले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. मधल्या काळात, ७ जुलै १९१० रोजी, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

या कामाचे दोन भाग होते. कागदाची नक्कल करणे हा एक. तो कागद कुणाचा, कुठून आला, कधीचा, कोणत्या कागदाशेजारी सापडला, खरा की बनावट, हे ठरवून तो वाचकाच्या हाती देणे हा दुसरा. पहिला भाग आज यंत्र करते, आणि राजवाड्यांच्या कल्पनेपलीकडच्या वेगाने करते. दुसरा भाग जिथल्या तिथे आहे. उलट नकलांची संख्या कोटींवर गेल्याने तो कितीतरी पटींनी वाढला आहे. अलीकडे सभांतून, बैठकांतून एक प्रश्न वारंवार कानी येतो : “सगळे स्कॅन झाले, आता ही जुनी इमारत, हे कापडात बांधलेले कागदांचे रुमाल, हे कर्मचारी कशाला?” आजचे माझे सगळे बोलणे या प्रश्नाचे उत्तर आहे.

सुरुवात पुण्याच्या पेशवे दप्तरापासून करू. ज्याला जुनी माणसे ‘एलिअनेशन ऑफिस’ म्हणत, त्या पुणे पुराभिलेखागारात पस्तीस-चाळीस हजार रुमाल आहेत आणि त्यांतल्या कागदांची संख्या कोटींमध्ये आहे. हे कागद इतिहासाच्या प्रेमापोटी जपले गेले नाहीत. पेशवाई गेल्यावर इंग्रजांपुढे प्रश्न होता तो महसुलाचा. इनाम म्हणून सारामाफीने कसल्या जाणाऱ्या जमिनींपैकी कुणाचे इनाम खरे आणि कुणाचे खोटे, हे ठरवायला जुनी दप्तरे लागत. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि या कागदांना एक रोकडी किंमत आली. कागद जपला जातो तो बहुधा कुणाच्या तरी हक्कासाठी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

संशोधकांना मात्र हे दप्तर दीर्घकाळ मोकळे नव्हते. १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापले. यदुनाथ सरकारांचे पाठबळ त्यामागे होते. अठराव्या शतकाविषयी आपण आज जे छातीठोकपणे बोलतो, त्यातले बरेचसे या पंचेचाळीस भागांवर आणि राजवाड्यांच्या, पारसनिसांच्या, खऱ्यांच्या छापील साधनांवर उभे आहे. उरलेल्या रुमालांतला फार मोठा भाग कुणी बारकाईने वाचलेला नाही. त्यात लढायांची पत्रे थोडी असतील. गावांचे हिशेब, पेठांचे कर, दुष्काळातली तगाई, वतनाची भांडणे, बलुतेदारांच्या तक्रारी जास्त असतील. सामान्य माणसाचा इतिहास तिथेच आहे.

आता समजा, हे सगळे रुमाल उद्या स्कॅन झाले. पडद्यावर काय येईल? मोडीतल्या कागदांची चित्रे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ओळ सलग धावते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुतेक ठिकाणी पाळलेला नसतो. शब्द कुठे तुटतो, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे असते. त्यासाठी त्याला त्या काळचे हुद्दे, वजनेमापे, गावांची नावे आणि पत्राचे मायने तोंडपाठ हवेत. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली, ७.० या आवृत्तीत. यंत्राला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयोग चालू आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण यंत्राला शिकवायलासुद्धा आधी माणसाने अचूक वाचून दिलेली हजारो पाने लागतात. ती देणारे वाचक कुठून आणायचे?

तारखेचे एकच उदाहरण देतो, कारण माझ्या मते अभिलेखपालाचे सगळे शास्त्र त्यात सामावलेले आहे. जुन्या कागदावर साल असते ‘इहिदे सितैन मया व अलफ’. अरबी अंकशब्द आहेत : एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे ११६१. हा शुहूर सन. त्याचे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंतच्या कागदाला ६००. तेव्हा ११६१ मधला जानेवारी म्हणजे इसवी सन १७६१ चा जानेवारी, पानिपतच्या रणाचा महिना. हे ठाऊक नसलेल्या आणि कंत्राटाने नेमलेल्या मुलाने ‘वर्ष’ या रकान्यात ११६१ टंकले, की तो कागद यादवांच्या स्वतंत्र राज्याच्याही आधीच्या काळात जाऊन पडला. तो जळालेला नाही, चोरीला गेलेला नाही, त्याचे चित्र उत्तम आहे, आणि तरी शोधणाऱ्याला तो कधीही सापडणार नाही. शिवाय शुहूरखेरीज फसली आहे, शालिवाहन शक आहे, राज्याभिषेक शक आहे. राजवाड्यांच्या पहिल्याच खंडात पानिपताच्या आधीच्या दशकातली पत्रे आहेत. ती कालक्रमाने लावण्यासाठी त्यांनी घेतलेली मेहनत ज्यांनी प्रस्तावनेत वाचली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच पटेल.

स्कॅनिंगची निविदा निघते तेव्हा दर ठरतो पानामागे. वर्णनाचा दर त्यात नसतो, किंवा असलाच तर नावापुरता असतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा मोठा राष्ट्रीय प्रकल्प आठवा. लाखो पुस्तके त्यात स्कॅन झाली, मराठीही भरपूर होती. पुस्तकांची नावे मोडक्यातोडक्या रोमन लिपीत, लेखकाच्या जागी अनेकदा ‘नॉट अव्हेलेबल’, काही ठिकाणी पाने तिरकी, काही ठिकाणी गहाळ. पुढे ते संकेतस्थळच बंद पडले. ती पुस्तके आज मिळतात ती अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे, कारण स्वयंसेवकांनी त्यांच्या प्रती तिकडे नेऊन ठेवल्या. त्या नोंदींवर अजूनही ‘डीएलआय २०१५’ ही जुनी खूण आहे. त्या स्वयंसेवकांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस ते सारे दार बंद होते, हेही विसरू नका. जुन्या मराठी पुस्तकांच्या सहज मिळणाऱ्या प्रती परदेशातल्या एका संस्थेच्या भरवशावर ठेवणे मला मान्य नाही.

त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी हल्ला केला. मुंबई इलाख्याची कितीतरी कागदपत्रे तिथल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, म्हणून तो आपलाही विषय आहे. पुस्तके, कागद सगळे शाबूत होते. गेली होती ती सूची. सूची बंद म्हणताच कोणता कागद कोणत्या फळीवर आहे हे सांगता येईना आणि वाचकाला तो मागता येईना. जानेवारी २०२४ मध्ये सूचीचे केवळ वाचण्यापुरते रूप परत आले, बाकीच्या सेवांना आणखी काळ लागला. कागद आहे पण नोंद नाही, म्हणजे व्यवहारात कागद नाही.

एवढे ऐकल्यावर मी डिजिटलच्या विरोधात आहे असे कुणी समजू नये. प्रती झाल्याच पाहिजेत, आणि लवकर झाल्या पाहिजेत. २१ जून २०१२ ची दुपार मुंबईत कुणी विसरलेले नाही. मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, पाच माणसे गेली. जळालेल्या फायली पुन्हा उभ्या करण्यासाठी जिल्ह्यांकडे, इतर कार्यालयांकडे असलेल्या प्रती गोळा कराव्या लागल्या. राज्याच्या स्मृतीतला तो खड्डा पूर्ण भरला असे म्हणता येणार नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठारात आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह कितीतरी मूळ रिळांची राख झाली. नायट्रेटची फिल्म स्फोटकासारखी पेटते, पाण्यानेही सहज विझत नाही. भारतात मूकपट तेराशेच्या आसपास निघाले, त्यातले जेमतेम तीस-एक आज कमीअधिक अंशाने पाहता येतात. त्या राखेपुढे उभे राहून डिजिटल प्रतीला नाक मुरडण्याचा अधिकार कुणालाही नाही.

जर्मनीतल्या कोलोन शहराचे अभिलेखागार ३ मार्च २००९ रोजी कोसळले. शेजारी भुयारी रेल्वेचे काम चालू होते, जमीन खचली आणि सबंध इमारत खड्ड्यात गेली. शेजारच्या घरांतले दोघे दगावले. मध्ययुगापासूनचे कागद चिखल-पाण्यात मिसळले. त्यातले बहुतेक कागद नंतर बाहेर काढले गेले, गोठवून वाळवले गेले, आणि तुकड्याला तुकडा जोडण्याचे काम अजून चालू आहे. जुन्या काळात काढून ठेवलेल्या मायक्रोफिल्म तेव्हा कामी आल्या. इथे दोन गोष्टी एकदम दिसतात. प्रत वाचवते, हे खरे. आणि प्रत हाताशी असूनही त्या शहराने मूळ कागदाचा एकेक तुकडा सोडला नाही, हेही खरे. मूळ कागदावर शाईचा थर असतो, खाडाखोड असते, पाठीमागचा शेरा असतो, कागदाची जात असते. यातले किती चित्रात उतरेल, हे कुणी आधी सांगू शकत नाही.

आपल्याकडे हीच शिस्त सुटते. स्कॅन झाले की गठ्ठे अडचण वाटू लागतात. जागा हवी असते. मग एखाद्या सुट्टीत ट्रक येतो. मी कुणा संस्थेचे नाव घेणार नाही, पण स्कॅनिंगनंतर मूळ दप्तर रद्दीत गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे, आणि स्कॅनची डिस्क उघडत नव्हती.

डिस्क उघडत नाही, हे तर आपल्या पिढीचे खास दुःख आहे. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावर काजळीच्या शाईने लिहिलेले तीनशे वर्षांपूर्वीचे पत्र आज डोळ्यांनी वाचता येते. फक्त मोडी यायला हवी. १९९६ साली संगणकावर टंकलेला मराठी लेख मात्र आज वाचता येईल याची खात्री नाही. त्या काळी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी मराठी सॉफ्टवेअर होती. त्यांच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड दिसते. त्यात पाने लावलेली पेजमेकरमध्ये, फाइल साठवलेली फ्लॉपीवर. म्हणजे फ्लॉपीचे यंत्र हवे, पेजमेकर हवे, तो फॉन्ट हवा, आणि हे सगळे चालवणारा जुना संगणक हवा. चारांपैकी एक नसले तरी मजकूर गेला. फॉन्ट बदलून देणारी साधने आहेत, ती वापरावीतच. पण रूपांतरात रफार हलतात, जोडाक्षरे तुटतात, ‘दऱ्या’तला ‘ऱ्य’ भलतेच काही होतो. प्रत्येक पान माणसाने मुळाशी ताडून पाहावे लागते.

१९९० ते २००५ या काळात किती मराठी मासिके, दिवाळी अंक, शब्दकोश, गॅझेटिअरांची हस्तलिखिते, साहित्य संमेलनांचे वृत्तान्त अशा फाइलींत लिहिले गेले, याचा विचार करा. त्यातले जे छापले गेले ते छापील प्रतीमुळे वाचले. जे छापले गेले नाही, म्हणजे संपादकांचा पत्रव्यवहार, लेखकांचे कच्चे खर्डे, संस्थांची इतिवृत्ते, ते कुठे आहे? सुनीताबाई देशपांडे आणि जी. ए. कुलकर्णी यांचा पत्रव्यवहार आपण पुस्तकरूपाने वाचतो, कारण तो कागदावर होता आणि कुणीतरी जपला. आजच्या लेखकाचा ईमेल त्याच्या मागे कोण उघडणार? पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. तिथल्या मराठी समूहांतल्या चर्चा, परदेशी गेलेल्या पहिल्या पिढीतल्या संगणक-अभियंत्यांनी घरच्या आठवणीने लिहिलेले लेख, गावाकडच्या पाककृती, सगळे त्या एका कंपनीच्या निर्णयाने गेले. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी मिळत नव्हती. 

फाइल टिकवायची तर तिला सतत हलवत राहावे लागते. हार्डडिस्क काही वर्षांत जाते, म्हणून नवी घ्यायची. फाइलचा प्रकार जुना होतो, म्हणून नव्यात उतरवायची. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा नियम जगभरचे अभिलेखपाल पाळतात. आणि दर काही महिन्यांनी प्रत्येक फाइल अक्षरशः जशीच्या तशी आहे की नाही, हे तपासावे लागते. दप्तर उन्हात घालण्याचा जो वार्षिक परिपाठ आपल्या आजोबांच्या घरी होता, तोच इथे नव्या रूपात आहे. फरक इतकाच की दप्तर एक वर्ष उन्हात घातले नाही तर चालून जाई. इथे एका वर्षाचे दुर्लक्ष पुरेसे होते.

आता मी ज्या मुद्द्यावर येतो आहे तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कागद खरा कशावरून? आपल्या जुन्या पुराव्याच्या कायद्यात एक सुंदर तत्त्व होते आणि ते नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. साक्षीदार मेलेले असतात, लिहिणारा गेलेला असतो. तेव्हा त्या कागदाच्या बाजूने उभा राहतो तो त्याचा ताबा : तो इतकी वर्षे कुठे होता, कुणाकडे होता, जिथे असायला हवा तिथे होता का. अभिलेखागार म्हणजे समाजाने मान्य केलेला असा योग्य ताबा. त्याचे हे काम कोणतेही संकेतस्थळ करू शकत नाही.

डिजिटल नोंदीसाठी याच कायद्यात वेगळी तजवीज आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचा ‘हॅश’ नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुराचे गणित करून निघालेला एक लांबलचक आकडा. स्वल्पविराम हलला तरी तो आकडा साफ बदलतो. अशाच हेतूने शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा असे. पत्र इथे संपले, याच्या खाली कुणी काही वाढवले तर ते आमचे नाही, असा त्याचा अर्थ. ज्या राज्यकारभाराने सतराव्या शतकात बनावटीचा एवढा बंदोबस्त केला, त्याच्या वारसांनी आपल्या संग्रहातल्या स्कॅनचे हॅश नोंदवायला आळस करू नये.

कारण बनावटीचा काळ आला आहे. डागाळलेला कागद, मोडीचे वळण, फिकट शिक्का, हे सगळे चित्र आज कृत्रिम बुद्धिमत्ता काही क्षणांत तयार करून देते. थोर पुरुषांच्या नावाने फिरणारी ‘दुर्मिळ पत्रे’ तुमच्याही मोबाइलवर आली असतील. महाराष्ट्रात इतिहासावरून माणसे रस्त्यावर येतात, संस्था फोडल्या जातात. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेला हल्ला आपण पाहिला आहे. अशा समाजात ‘हा कागद आमच्या संग्रहात अमुक रुमालात, अमुक क्रमांकावर आहे, येऊन पाहा’ असे सांगू शकणारी संस्था शांततेसाठी पोलीस ठाण्याइतकीच गरजेची आहे. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली प्रसिद्ध केली आणि शिवजन्माच्या तारखेच्या वादाला नवी दिशा मिळाली. तो कागद कुठल्या घरातून आला हे माहीत होते, म्हणून त्यावर बरोबरीने वाद घालता आला. उगम ठाऊक नसलेल्या कागदावर वादही धड होत नाही.

उगमाइतकाच क्रमही महत्त्वाचा. गोव्यात पोर्तुगिजांनी १५९५ साली अभिलेखागार उभारले आणि इतिहासकार दियोगु दु कोउतु यांना त्याचे प्रमुख नेमले. तिथे मान्सूनच्या नावाने ओळखली जाणारी बांधीव ग्रंथांची मालिका आहे, कारण लिस्बनची टपाले मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून येत-जात आणि त्या क्रमानेच बांधली जात. पांडुरंग पिसुर्लेकरांनी या दप्तरांतून मराठ्यांचा इतिहास उकलला. एका पत्राच्या आगेमागे काय आले होते हे दिसत असल्याने ते शक्य झाले. आज शोधपेटीत ‘संभाजी’ टंकून एक पान मिळते, आगेमागची शंभर पाने डोळ्यांआड राहतात. शोध सोपा झाला, संदर्भ दुबळा झाला. म्हणून डिजिटल संग्रहात मूळ गठ्ठ्याचा क्रम राखणे आणि वाचकाला तो दिसेल असे करणे, हे अभिलेखपालाचे काम आहे.

मघाशी म्हणालो, कागद जपला जातो तो हक्कासाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यामागचा मराठा आरक्षणाचा प्रश्न आजचा विषय नाही. पण त्या महिन्यांत काय घडले ते पाहा. तहसिलींतली कोतवाल बुके, म्हणजे जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ ची रजिस्टरे, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, निजामकालीन पाहणी पत्रके बाहेर निघाली. काही मोडीत, काही उर्दूत. मोडी वाचणाऱ्यांना अचानक बोलावणी येऊ लागली. जिथे रजिस्टर जपलेले होते तिथल्या कुटुंबाला नोंद मिळाली. जिथे ते वाळवीने खाल्ले होते तिथल्या कुटुंबाला मिळाली नाही. दोन शेजारच्या गावांतल्या माणसांच्या नशिबात एका कपाटाने फरक पाडला. अभिलेखागार ही विद्वानांची चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या दिवसांतली तहसील कार्यालये आठवावीत.

आणि ज्यांच्या नोंदी कुठल्याच रजिस्टरात नव्हत्या त्यांचे काय? इथे डिजिटल साधनांनी खरोखर नवे काही दिले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या. पुढे त्यांतल्या कितीतरी बायकांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात ओवी वाचता येते, ऐकता येते, गाणारीचे नाव आणि गाव दिसते. पेशवे दप्तरात या बाईचे नाव आले असते तर बहुधा दंडाच्या नोंदीत. मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ पासून स्त्रियांच्या मुलाखती, छायाचित्रे, पत्रे जपते आहे. ही कामे सरकारी दप्तराची पुरवणी नाहीत, त्याच्या बरोबरीची आहेत. पण यांचा निधी प्रकल्पापुरता असतो, आणि प्रकल्प संपला तरी ध्वनिफितीची देखभाल संपत नाही.

शेवटचा विषय आजच्या सरकारी कागदाचा. आपल्या कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत होती, अ, ब, क, ड असे वर्गीकरण होते : ‘अ’ कायमचे ठेवायचे, ‘ड’ वर्षभराने नष्ट करायचे. ते नीट पाळले जात नसे, तरी काय ठेवावे हा प्रश्न प्रत्येक कारकुनाला विचारला जात होता. आता शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक येतो, डिजिटल स्वाक्षरी येते, आणि ते चांगलेच आहे. पण निर्णयामागची चर्चा? ती ई-ऑफिसच्या टिपणीत असते, आणि अनेकदा तिथेही नसते. ती व्हॉट्सअॅपच्या गटात असते. ब्रिटनमध्ये कोविडच्या चौकशीला व्हॉट्सअॅप संदेश द्यायचे की नाही, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. आपल्या जिल्ह्यांचे कोविडकाळातले कितीतरी व्यवहार अशाच गटांवर चालले. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या व्याख्येत संगणकातून निघालेली सामग्रीही अभिलेखच मानलेली आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा अभिलेख कायदा २००५ चा आहे. कायदे आहेत. अधिकाऱ्याची बदली झाली, त्याने फोन बदलला, की एका साथीचा इतिहास पुसला जातो, हे थांबवणारी यंत्रणा नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. राज्याने पुराभिलेख संचालनालयातल्या मोडी, फारसी आणि उर्दू वाचकांची पदे कायम स्वरूपात भरावीत आणि त्यांना कंत्राटी टंकलेखकाच्या नव्हे, तज्ज्ञाच्या पगारावर ठेवावे. स्कॅनिंगच्या प्रत्येक निविदेत वर्णनाचा खर्च वेगळा दाखवावा आणि तो प्रतिमेच्या खर्चापेक्षा कमी नसावा. स्कॅन झाले या कारणासाठी एकही मूळ कागद नष्ट करू नये. ज्यांच्या घरी जुने दप्तर आहे त्यांनी ते उघडण्याआधी कुठे, कसे, कोणत्या कागदाशेजारी ठेवले आहे याची छायाचित्रे काढावीत, आणि मगच ते जवळच्या संशोधन मंडळाकडे न्यावे. ज्यांच्या संगणकात श्रीलिपीतल्या जुन्या फाइली पडून आहेत त्यांनी त्या या वर्षीच युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात, फॉन्ट आणि मूळ फाइलही सोबत ठेवून. आणि इथे बसलेल्या ग्रंथालयांच्या, मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे : पुढच्या अंदाजपत्रकात ‘डिजिटल प्रतींची देखभाल’ असे खर्चाचे स्वतंत्र शीर्ष घाला, रक्कम कितीही लहान असो, आणि ते दरवर्षी मंजूर करा.